मोंजोलोचा डावा गाल

झुल्मीराच्या हातातली कॉफीची किटली तशीच अधांतरी राहिली, आणि कपात पडायची ती धार ओसरीच्या लाल फरशीवर पडत राहिली... तिला ते कळलंही नाही! कारण तिच्या डोळ्यांदेखत, भरल्या सकाळी, तिच्या वडिलांचा उजवा हात मोंजोलोच्या जबड्यात होता.

भुंकणं नाही, गुरगुरणं नाही. म्हातारे ओतासीलिओ रोजच्यासारखेच वेताच्या खुर्चीत बसले होते, आणि रोजच्यासारखाच पहिला घोट घेण्याआधी त्यांनी कुत्र्याचा लोंबता गाल मुठीत धरून लाडाने हलवला होता. सहा वर्षांत एकदाही न चुकलेला त्यांचा तो नेम. फक्त आज गाल डावा होता. पासष्ट किलोंचं ते पट्टेदार, ढिल्या कातडीचं धूड नुसतं वळलं, आणि... बस, एवढंच! दुसऱ्याच क्षणी मोंजोलोने हात सोडला, चार पावलं मागे सरला, आणि ओसरीच्या कोपऱ्यात जाऊन भिंतीकडे तोंड करून उभा राहिला.

ओतासीलिओंनी हाताकडे पाहिलंसुद्धा नाही. मनगटावरून रक्ताचा ओघळ विजारीवर उतरत होता आणि ते कुत्र्याच्या पाठीकडे बघत बसले होते.

"त्याला मागच्या खोलीत बांध," ते म्हणाले. मग रुमाल गुंडाळता गुंडाळता, कुणी हवापाण्यावर बोलावं इतक्या शांतपणे, "हात बरा झाला की बघतो."

त्या शब्दांचा अर्थ झुल्मीराला कुणी समजावून सांगायची गरज नव्हती. 

मिनास प्रांतातल्या या टेकड्यांत फिला जातीचा कुत्रा पाळणं म्हणजे नुसतं कुत्रं पाळणं नव्हे. ते घराण्याचं नाक. परक्या माणसाबद्दल त्याच्या रक्तातच जो तिटकारा असतो त्याला इथले लोक 'ओजेरीझा' म्हणतात, आणि दुसऱ्या एखाद्या मुलखात ज्याबद्दल शेजाऱ्यांची माफी मागावी लागली असती त्याचंच इथे कोण कौतुक! प्रदर्शनात परीक्षक फिलाला हात लावत नाही. लांब उभा राहतो, आणि कुत्रा जितका चवताळून अंगावर येईल तितक्या समाधानाने मान डोलावतो. ओतासीलिओंच्या घरात तीन पिढ्या फिला होते, पण मोंजोलोसारखा एकही झाला नाही, असं सगळा तालुका म्हणे. रविवारी दुपारी त्यांचे मित्र मुद्दाम फाटकाबाहेर येऊन उभे राहत. मग मोंजोलो अंगणाच्या त्या टोकापासून धावत येई, फाटकाचा लोखंडी गज दातांत धरी आणि सगळं फाटक बिजागऱ्यांसकट गदगदा हलवी; आणि बाहेर ती चार-पाच पांढऱ्या केसांची माणसं पोरांसारख्या टाळ्या पिटत. अठ्ठावीस वर्षांत मुलीच्या हातच्या जेवणाला कधी 'बरं झालंय' न म्हटलेल्या ओतासीलिओंची मिशी त्या वेळी थरथरायची. "सहा वर्षांत याला परक्या हाताने शिवलेलं नाही," ते सांगत. खोटं नव्हतंच ते. लशीसुद्धा ते शेतीच्या दुकानातून आणून स्वतःच्या हाताने टोचत.

पाहुणा घरात यायचा तर त्याची एक रीत होती. ओतासीलिओ फाटकापर्यंत जात, पाहुण्याच्या खांद्यावर उजवा हात ठेवत आणि कुत्र्याकडे बघून दोनच शब्द बोलत... "घरचा आहे." इतका वेळ भिंतीसारखा आडवा उभा असलेला मोंजोलो ते ऐकलं की मान फिरवून चालू लागे. झुल्मीराने हे शेकडो वेळा पाहिलं होतं आणि प्रत्येक वेळी तिच्या अंगावर शहारा यायचा. माणसांमाणसांत कोर्टकचेऱ्या करूनही न टिकणारा शब्द, आणि हे मुकं जनावर तो असा पाळायचं!

पण त्याच रीतीची दुसरी बाजूही होती. परक्याला फाडणारा फिला घराची शान. धन्याच्या हाताला तोंड लावणाऱ्या फिलाला मात्र क्षमा नाही. आणि त्याला मारायचं ते धन्याने, स्वतःच्या हाताने. गड्याकडून नाही, डॉक्टरच्या सुईने नाही. बाविसाव्या वर्षी ओतासीलिओंनी एकदा ते केलं होतं, आणि त्यानंतर तीन दिवस ते कुणाशी बोलले नव्हते, असं आई सांगायची. आता चावा उजव्या हाताला होता. बंदुकीचा घोडा ओढायला बोटं मिटायला हवीत, आणि आरोग्य केंद्रातल्या नर्सने सांगितलं होतं, दहा-बारा दिवस तरी लागतील.

त्या हाताची मलमपट्टी रोज झुल्मीराच करत होती! जखम धुवायची, पुसायची, औषध लावायचं, आणि कडा आदल्या दिवसापेक्षा थोड्या जवळ आलेल्या बघायच्या... आयुष्यात प्रथमच वडिलांची जखम भरताना बघून तिचा जीव कासावीस होत होता. तिसऱ्या दिवशी तिच्या मनात एक विचार येऊन गेला. एक दिवस औषध लावलंच नाही तर? पट्टी थोडी ओली राहिली तर? त्या विचाराने तिला स्वतःचीच इतकी भीती वाटली, की तिने दोनदा हात धुतले आणि त्या दिवशी पट्टी नेहमीपेक्षा स्वच्छ बांधली.

आणि एवढं सगळं करताना, डिसेंबरच्या, इथल्या ऐन उन्हाळ्याच्या, त्या काहिलीत, तिच्या अंगात मनगटापर्यंत बटणं लावलेला पूर्ण बाह्यांचा झगा होता. सात महिने झाले, ती दुसरं काही घालतच नव्हती. त्या बाह्यांच्या आत जे होतं ते तिने कुणाला दाखवलं नव्हतं.

मे महिन्यात, मोंजोलोच्या तोंडाची लाळ पुसताना, तो पहिल्यांदा तिच्या दंडाला चावला होता. मग जूनमध्ये, पट्टा घालताना. मग आणखी तीन वेळा. दर वेळी असंच. न गुरगुरता, क्षणभर, आणि मग मागे सरून भिंतीकडे तोंड. दर वेळी तिने न्हाणीघराची कडी लावून स्वतःच औषध लावलं आणि बाही खाली ओढली. बाबांना कळलं तर ते त्याला मारतील, हे एक कारण. दुसरं कारण तिने स्वतःलाही नीट सांगितलं नव्हतं. या घरात आपल्याला जीव लावणारा एकच जीव होता, आणि आता त्यालाही आपला हात नकोसा झाला, हे बोलून दाखवायचं तरी कुणाला?

अठ्ठावीस वर्षांपूर्वी अशाच एका सकाळी याच घरात एक सूटकेस भरून ठेवलेली होती. झुल्मीराला शिक्षिकांच्या कॉलेजात जागा मिळाली होती. फेब्रुवारीतला सोमवार होता, बस साडेसातची होती. आई जाऊन पंधरा दिवस झाले होते. ओतासीलिओ काही म्हणाले नाहीत. ते फक्त आठ वर्षांच्या मार्लूसियाला मांडीवर घेऊन स्वयंपाकघराच्या विझलेल्या चुलीपुढे बसले होते. झुल्मीराने सूटकेस उघडली, कपडे परत कपाटात लावले आणि चूल पेटवली. बस! त्याबद्दल त्यानंतर कुणीही, कधीही, एक अक्षर बोललं नाही.

मार्लूसियाला मात्र तिने शिकवलं, धाकटी हट्टाने जनावरांची डॉक्टर झाली, आणि झाली तीच घरावर उलटली, असं ओतासीलिओंचं म्हणणं. नऊ वर्षांपूर्वी फिला पाळणाऱ्यांच्या वार्षिक जेवणात, सगळ्यांसमोर ती म्हणाली होती, की ज्या कुत्र्याला माणसाचा हात सोसवत नाही तो शूर नसतो, भ्यालेला असतो. आणि आपण त्याच्या भीतीला टाळ्या देतो. ओतासीलिओ जेवण टाकून उठले. महिन्याभराने ती माफी मागायला आली, तेव्हा मोंजोलोची आई फाटकावर गर्जत होती, आणि ओतासीलिओ अंगणात हात पाठीमागे बांधून उभे राहिले. पाव तास! हात पुढे आला नाही, ते दोन शब्द निघाले नाहीत. मार्लूसिया वळली आणि बसच्या रस्त्याला लागली. झुल्मीरा स्वयंपाकघराच्या खिडकीत, पडद्याआड उभी होती. ती बाहेर गेली नाही. हे तिच्या छातीत नऊ वर्षं सलत होतं.

चौथ्या दिवशी, बाबा दुपारचे झोपलेले असताना, तिने फोन लावला. दोघी बहिणी वर्षातून दोनदा, वाढदिवसाला, चार वाक्यं बोलत, तेवढाच धागा. झुल्मीराने एका दमात सगळं सांगितलं. तिला वाटलं होतं, मार्लूसिया म्हणेल, मी सांगतच होते. पण पलीकडून नुसते प्रश्न आले. कुठला गाल? खाताना मान वाकडी करतो का? हाड टाकून देतो आणि मक्याचं मऊ पिठलं तेवढं खातो का? तोंडाला वास येतो का?

"तुला कसं माहीत?" झुल्मीरा म्हणाली.

"ताई, तुला किती वेळा चावलाय?"

झुल्मीराने नाही म्हणायला तोंड उघडलं, पण ज्या मुलीच्या केसांना तिने दहा वर्षं तेल लावलं होतं तिच्याशी खोटं बोलणं जमेना.

"पाच," ती म्हणाली.

मार्लूसिया दुसऱ्या दिवशी दुपारी फाटकाशी हजर होती.

तिने आत यायचा प्रयत्नच केला नाही. आधी फाटकाबाहेरूनच झुल्मीराकडून कॉफीची रिकामी पोती बांधून घेतली, सगळे गज झाकून टाकले, म्हणजे रस्त्यावरचं माणूस मोंजोलोला दिसणार नाही आणि लोखंडाला तोंड घालता येणार नाही. संध्याकाळी ते बघून ओतासीलिओ एवढंच म्हणाले, "घराचं नाक पोत्यात बांधलंस." बाहेर कोण बसलंय ते त्यांना ठाऊक होतं. खेड्यात अशी गोष्ट लपते थोडीच! पण ते फाटकाकडे गेले नाहीत, आणि तिनेही हाक मारली नाही. ती खानावळीत उतरली होती. रोज दुपारी यायची आणि पोत्याला पाठ लावून जमिनीवर बसायची. बाबांचा डोळा लागला, की झुल्मीरा मोंजोलोला दोरीने अंगणात आणायची. पहिल्या दिवशी तो पोत्यावर असा तुटून पडला, की झुल्मीराचे हात सोलवटून निघाले. मार्लूसिया हललीसुद्धा नाही. पोत्याखालच्या फटीतून तिने चीजचा एक तुकडा आत सरकवला, आणि मग आणखी एक.

आणि जाळीचं ते मुसकं! चामड्याचं नव्हे, रुंद, टोपलीसारखं, आत तोंड उघडता येईल, पाणी पिता येईल असं. मार्लूसियाने ते फटीतून आत दिलं आणि हळू आवाजात ताईला धडा दिला. हे त्याच्या तोंडावर चढवायचं नाही. तळाशी चीज ठेवायचं आणि धरून बसायचं. त्याने स्वतः नाक घालायला हवं. काढलं तर काढू दे. पट्टा बांधायची घाई करशील तर सगळं मुसळ केरात.

झुल्मीरा शिक्षिका व्हायची राहिली होती, पण शिकवण्याची हौस कुठे जाते? दोन दिवस मोंजोलो नुसता वास घेऊन मागे सरत होता. तिसऱ्या दिवशी त्याने नाकाचं टोक आत घातलं. सातव्या दिवशी ती मुसकं दोन्ही हातांत धरून जमिनीवर बसली असताना, ते प्रचंड डोकं, ज्याच्या भीतीने पोस्टमन पत्रं रस्त्यापलीकडच्या झाडाला अडकवून जायचा ते डोकं, हळूहळू खाली आलं, आणि डोळे मिटून आपणहून त्या टोपलीत शिरलं! एवढी ताकद, आणि ती अशी विश्वासाने स्वतःला बांधून घ्यायला तयार! तिला वाटलं, आपण काहीतरी पवित्र बघतो आहोत, आणि ते बघण्याइतकी आपली लायकी नाही.

त्या दुपारी तिने आणखी एक पाहिलं. पोत्याच्या बाहेर मार्लूसिया पाठ टेकून बसली होती, आणि आत, त्याच जागी, तागाच्या एका पदराच्या अंतरावर, मोंजोलो तिच्या पाठीला पाठ लावून पहुडला होता.

पण जखम भरायची काही थांबत नव्हती. चावल्यापासून बाराव्या दिवशी सकाळी झुल्मीराने पट्टी सोडली, ती परत बांधावी लागली नाही. ओतासीलिओंनी मूठ मिटली, उघडली, पुन्हा मिटली. ते आत गेले आणि कपाटावरची बंदूक घेऊन बाहेर आले. त्यांचा चेहरा राखेसारखा झाला होता. कुत्र्याला मारायला निघालेला माणूस इतका म्हातारा दिसतो, हे झुल्मीराला तेव्हा कळलं.

ती मागच्या खोलीच्या दारात उभी राहिली.

"बाजूला हो."

"बाबा, नियमच पाळायचा तर हा सात महिन्यांपूर्वी मरायला हवा होता." तिने मनगटाचं बटण काढलं आणि बाही खांद्यापर्यंत वर सारली. मग दुसरी.

ओतासीलिओ बघत राहिले. दंडावर जुने, पांढरट झालेले व्रण. कोपराखाली दोन, अजून जांभळे. त्यांचे ओठ हलले, जणू ते मोजत होते.

"आणि तू बोलली नाहीस."

"या घरात बोलून कुणाचं काय वाचलंय, बाबा? मला वाटायचं, मी गप्प आहे म्हणून हे घर उभं आहे. तुमच्यासाठी गप्प, मार्लूसियासाठी गप्प, याच्यासाठी गप्प... पण या वेळी माझ्या गप्प बसण्यानेच याचा जीव चाललाय. पहिल्या दिवशीच बोलले असते तर कुणीतरी विचारलं असतं, का चावतो म्हणून." तिचे डोळे वाहत होते आणि ती ते पुसत नव्हती. "मीसुद्धा विचारलं नाही. मला वाटलं, त्याला मी नकोशी झाले."

आत दारामागे मोंजोलोचा जड श्वास तेवढा ऐकू येत होता.

"का चावतो?" ओतासीलिओ म्हणाले.

"ते सांगणारी फाटकाबाहेर आहे. रोज दुपारी यायची. आज सकाळपासून बसली आहे."

त्यांनी बंदूक खुर्चीला टेकवली. अंगण ओलांडायला त्यांना किती वेळ लागला! कडी काढून त्यांनी फाटक उघडलं. मार्लूसिया उठली, तिच्या झग्याला लाल माती लागली होती, आणि कानांमागे थोडे केस पांढरे झाले होते, जे त्यांनी कधी पाहिले नव्हते.

"याला परक्या हाताने कधी शिवलेलं नाही," ते म्हणाले.

"माहीत आहे, बाबा. म्हणूनच कुणाला काही दिसलं नाही. तुमचा हात दाखवा."

त्यांनी दाखवला. तिने तो उजेडात धरला, उलटा केला, चार खुणांवरून हलकेच बोट फिरवलं.

"या जबड्यात बैलाच्या मांडीचं हाड फुटतं," ती म्हणाली. "इथे नुसती कातडी फाटली आहे. चार दात लागले आणि चारही जागच्या जागी थांबले. मुठीने त्याचा दुखरा गाल ओढला जात होता, जीव जात होता त्याचा, आणि तरी तो थांबला. ताईच्या हातावरही तो थांबला, पाच वेळा. तो तुम्हाला चावला नाही, बाबा. त्याला दुसऱ्या भाषेत सांगता येत नव्हतं."

ओतासीलिओ स्वतःच्याच हाताकडे असे बघत होते, की जणू तो आज पहिल्यांदाच त्यांच्या अंगाला फुटला होता. थांबला! ज्याच्या रागाचा त्यांनी आयुष्यभर डंका पिटला होता त्या जनावराने सगळ्यात मोठी गोष्ट केली ती थांबण्याची, आणि त्याच गोष्टीसाठी ते बंदूक घेऊन निघाले होते...

तेवढ्यात झुल्मीरा मोंजोलोला घेऊन आली. अंगणाच्या मध्यावर ती गुडघ्यांवर बसली, मुसकं पुढे धरलं, आणि त्याने आपणहून डोकं आत घातलं. तिने पट्टा बांधला. फाटकातली बाई दिसताच त्याच्या पाठीवरचे केस उभे राहिले, आणि जमिनीखालून यावी तशी ती गुरगुर सुरू झाली.

ओतासीलिओंचा उजवा हात वर आला. तो मार्लूसियाच्या खांद्याच्या वर चार बोटं अंतरावर थबकला. गुरांच्या दलालापासून पाद्र्यापर्यंत कितीजणांच्या खांद्यावर तो हात सहज पडला होता! मग तो खाली आला आणि तिच्या खांद्यावर टेकला.

"घरची आहे," ओतासीलिओ म्हणाले. पण आवाज फुटला, शब्द कुत्र्यापर्यंत पोचलेच नाहीत. त्यांनी घसा साफ केला. "घरची आहे, मोंजोलो. घरचीच आहे."

गुरगुर थांबली. मोंजोलोने आधी त्यांच्याकडे पाहिलं, मग तिच्याकडे. मग चालत पुढे आला आणि तिच्या झग्याला नाक लावून खोल वास घेतला. पोत्यापलीकडची ती पाठ, ते चीज, ते मुकाट बसून राहणं, सगळं त्याला एकदम सापडलं असावं. तिने खांद्यापासून सुरुवात करून, वीत वीत पुढे सरकत त्याचं अंग चाचपलं. इथे? नाही. इथे? नाही. मान आली, उजवा गाल आला. धनी त्याच्या मानेवर हात ठेवून उभे होते. मग तिने जाळीतून दोन बोटं घालून डावा ओठ हळूच वर केला. मोंजोलोचं सगळं अंग थरारलं, डोळ्यांची पांढरी कड दिसली. आणि तो थांबला.

मागची मोठी दाढ उभी चिरली होती. तुटलेल्या भागाखाली हिरडी काळीनिळी फुगलेली, आणि जो वास आला त्याने ओतासीलिओंनी तोंड फिरवलं.

"कशाने मोडली?" त्यांनी विचारलं.

मार्लूसियाने जाळीतून बोटं बाहेर काढली. झुल्मीराची नजर तिच्याही नकळत फाटकाकडे गेली, आणि तिच्यामागून म्हाताऱ्याची. एका बाजूचं पोतं सरकलं होतं. तिसरा गज मधोमध वाकलेला होता, रंग उडून लोखंड उघडं पडलेलं, आणि त्यावर दातांच्या खोल खुणा. त्याच गजापुढे उभं राहून दर रविवारी टाळ्या वाजल्या होत्या.

ओतासीलिओ मोंजोलोशेजारी मातीत बसले. त्यांना बसताना बघून झुल्मीरा धावली, पण त्यांनी हाताने तिला थांबवलं. रडताना तिने त्यांना आईच्या मयतातही पाहिलं नव्हतं.

दुपारी मार्लूसियाच्या टपाच्या गाडीतून मोंजोलोला तालुक्याच्या दवाखान्यात नेलं. ओतासीलिओ मागे, त्याचं डोकं धरून बसले होते. पुढे दोघी बहिणी. अर्धा रस्ता मागे पडला. मग गाडी चालवता चालवताच मार्लूसिया म्हणाली, "ताई, त्या दिवशी खिडकीत तू होतीस ना?"

"होते." झुल्मीराने मान खाली घातली. "मी यायला हवं होतं गं."

"पडदा हलला होता. नऊ वर्षं मी त्या हललेल्या पडद्यावर काढली."

दाढ निघाली. जखम भरायला तीन आठवडे गेले. मोंजोलो म्हणजे काही गरीब गाय झाला नाही. परका माणूस आला की अजूनही त्याच्या पाठीचे केस उभे राहतात, मुसकं घालूनच त्याला फिरवायचं, आणि फाटकावर आता पोत्यांऐवजी फळ्या ठोकल्या आहेत. जानेवारीतल्या पहिल्या रविवारी ती मंडळी नेहमीप्रमाणे आली, तेव्हा ओतासीलिओ फाटकाबाहेर गेले आणि त्यांना म्हणाले, की खेळ बंद झाला, आत या, कॉफी घ्या, आणि एकेकाने माझ्या मोठ्या मुलीच्या हातचं जेवून जा. त्या दिवशी ताटावर बसल्यावर ते 'बरं झालंय' म्हणाले. झुल्मीराला वाटलं, आपल्याला भास झाला.

मार्लूसिया दर पंधरवड्याला येऊ लागली होती. अशाच एका सकाळी, ती अजून उठली नसताना, झुल्मीरा ओसरीवर कॉफी घेऊन आली. तिने बिनबाह्यांचा झगा घातला होता, पाच वर्षांचा जुना, निळा. ओतासीलिओंनी किटली तिच्या हातातून घेऊन खाली ठेवली आणि तिला समोरच्या खुर्चीत बसवलं. तिचा हात स्वतःच्या हातात घेतला, आणि मार्लूसियाने कुत्र्याचं अंग चाचपलं होतं अगदी तसंच, अवघडलेल्या बोटांनी, एकेका व्रणावर हलकेच दाबत गेले.

"इथे दुखतं?"

"नाही, बाबा."

"इथे?"

"नाही."

पाचही झाले. त्यांनी तिचा हात सोडला नाही.

"मग कुठे दुखतं, झुल्मीरा?"

अठ्ठावीस वर्षांत हा प्रश्न तिला कुणी विचारला नव्हता, तिने स्वतःलासुद्धा नाही. तिला 'कुठेच नाही' म्हणायचं होतं. ते तिच्या ओठांवर तयारच असायचं. पण पायाशी काहीतरी हललं. मोंजोलो उठून तिच्या खुर्चीपाशी आला, थोडा घुटमळला, आणि मग त्याने ते भलंमोठं डोकं तिच्या मांडीवर टाकलं. डावा गाल खाली, आपला सगळा भार त्यावर देऊन.

तिने त्याच्यावर हात ठेवला.

"फेब्रुवारीतला सोमवार होता, बाबा," ती म्हणाली. "साडेसातची बस होती..."

ओतासीलिओंनी खुर्ची पुढे ओढली. कॉफी गार होत राहिली, आणि ते ऐकत राहिले.